लुआमध्ये ‘लोकल’ पुसलं की कोड चालतो, मग ‘लोकल’ लिहायचंच कशाला?

प्रश्न असा आहे: लुआ या प्रोग्रामिंग भाषेत बिलाची रक्कम हजार किंवा त्याहून जास्त असेल तर पाच टक्के सवलत द्यायची आहे. सवलतीच्या आधी ‘लोकल’ लिहिलं की निलची (निल म्हणजे ‘मूल्यच नाही’) एरर येते, ‘लोकल’ पुसलं की बिल बरोबर निघतं. मग ‘लोकल’ ठेवायचं की काढायचं, आणि हे निल येतं तरी कुठून?

लोकल ठेवायचंच, फक्त त्याची जागा चुकली आहे. आधी मूळ कोड पाहू. इथे तो वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिला आहे. फाइलमध्ये कीवर्ड आणि नावं रोमन अक्षरांतच लिहायची, कारण मूळ लुआ देवनागरी नावं स्वीकारत नाही.

    लोकल फंक्शन बिल(रक्कम)
      इफ रक्कम >= १००० देन
        लोकल सवलत = रक्कम * ०.०५
      एंड
      रिटर्न रक्कम - सवलत
    एंड

लोकल व्हेरिएबल ज्या ब्लॉकमध्ये घोषित होतं, त्या ब्लॉकच्या ‘एंड’पर्यंतच ते असतं. इथे तो ब्लॉक म्हणजे इफ. त्याचं ‘एंड’ आलं की सवलत संपली. पुढच्या ओळीवर ‘रक्कम - सवलत’ वाचताना कंपायलर सवलत नावाचं लोकल शोधतो. इफच्या बाहेर ते नाही, फंक्शनच्या वरही नाही. मग तो हे नाव ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणारं, धरतो. प्रोग्राम चालताना ग्लोबल टेबलात हे नाव शोधलं जातं, तिथेही ते नसतं, आणि टेबलात नसलेलं काहीही मागितलं तर लुआ तक्रार न करता निल देतं. तक्रार होते ती त्यानंतर, रकमेतून निल वजा करायला गेल्यावर. म्हणून एरर रिटर्नच्या ओळीवर दिसते आणि चूक मात्र दोन ओळी वर असते.

आता लोकल पुसून पाहा. सवलत ग्लोबल झाली. बिल(२०००) दिलं की १९०० येतात, सगळं ठीक वाटतं. त्याच चालू प्रोग्राममध्ये पुढचं बिल(५००) द्या. उत्तर ४०० येईल. पाचशेच्या बिलाला सवलत नाही, इफमध्ये शिरलोच नाही, पण मागच्या गिऱ्हाइकाचे १०० ग्लोबल टेबलात तसेच पडून होते आणि तेच वजा झाले. क्रम उलटा असता, म्हणजे पहिलंच बिल ५०० चं असतं, तर पुन्हा निलची एरर आली असती. म्हणजे लोकल पुसल्यावर कोड दुरुस्त झालेला नाही. दिसणारी चूक जाऊन तिच्या जागी न दिसणारी चूक आली आहे, आणि पैशांच्या हिशेबात दुसरी चूक कितीतरी महागात पडते.

दुरुस्ती अशी:

    लोकल फंक्शन बिल(रक्कम)
      लोकल सवलत = ०
      इफ रक्कम >= १००० देन
        सवलत = रक्कम * ०.०५
      एंड
      रिटर्न रक्कम - सवलत
    एंड

यात दोन गोष्टी जपायच्या. वर नुसतं ‘लोकल सवलत’ लिहून सोडलं तर त्यात निलच असतं, आणि ५०० च्या बिलाला पुन्हा एरर येईल. म्हणून शून्य द्यायचं. दुसरं म्हणजे इफच्या आत पुन्हा ‘लोकल’ लिहायचं नाही. लिहिलंत तर आत त्याच नावाचं नवं व्हेरिएबल तयार होतं, पाच टक्के त्यात जातात आणि इफबरोबर संपतात. बाहेरचं सवलत शून्यच राहतं. एरर येत नाही, सवलत मात्र कुणालाच मिळत नाही.

लोकल नेमकं कुठून सुरू होतं, हेही नीट कळायला हवं. ते घोषणेचं वाक्य पूर्ण झाल्यावर, म्हणजे पुढच्या वाक्यापासून लागू होतं. त्यामुळे ‘लोकल दर = दर’ या ओळीत उजवीकडचं दर बाहेरचं असतं, डावीकडचं नवं. ग्लोबल फंक्शन लोकलमध्ये घेताना हे उपयोगी पडतं. पण याच नियमामुळे स्वतःलाच बोलावणारं फंक्शन फसतं. ‘लोकल मोज = फंक्शन(न) ... रिटर्न मोज(न - १) ... एंड’ असं लिहिलं तर आतलं मोज लोकल नसतं, कारण वाक्य अजून संपलेलं नाही. ते ग्लोबल मोज शोधतं आणि निल हाती येतं. ‘लोकल फंक्शन मोज(न)’ असं लिहिलं की लुआ आधी नाव घोषित करतं आणि मग त्यात फंक्शन ठेवतं, त्यामुळे आतल्या हाकेला योग्य मोज सापडतं.

दोन फंक्शनं एकमेकांना बोलावत असतील तर वरच्या फंक्शनच्या आधी ‘लोकल खालचं’ अशी रिकामी घोषणा करा आणि नंतर खाली ‘फंक्शन खालचं() ... एंड’ लिहा. खाली पुन्हा ‘लोकल फंक्शन’ लिहू नका. लिहिलंत तर ते वेगळंच व्हेरिएबल होतं आणि वरच्या फंक्शनच्या हातात रिकामं निलच राहतं.

रिपीट-अंटिल लूपमध्ये आतलं लोकल अंटिलच्या अटीतही दिसतं. बऱ्याच भाषांत असं नसतं, म्हणून हे मुद्दाम लक्षात ठेवा. फॉर लूपमधला आकडा मुळातच लोकल असतो आणि प्रत्येक फेरीत नवा असतो. त्यामुळे लूपमध्ये बनवलेली फंक्शनं आपापल्या फेरीचा आकडा धरून ठेवतात. लूप कुठे थांबला हे बाहेर हवं असेल तर तो आकडा आधीच घोषित केलेल्या लोकलमध्ये ब्रेकपूर्वी ठेवावा लागतो.

शिकताना बहुतेक जण कमांड प्रॉम्प्टवर प्रयोग करतात आणि तिथे लोकलविषयी भलताच समज होतो. प्रॉम्प्टवर टाइप केलेली प्रत्येक ओळ स्वतंत्र चंक, म्हणजे कोडचा वेगळा तुकडा, म्हणून चालते. ‘लोकल क्ष = ५’ लिहून एंटर दाबलं की तो चंक संपला आणि क्षही गेला. पुढच्या ओळीवर क्ष विचारलं तर निल. प्रॉम्प्टवर एकतर लोकल न लिहिता प्रयोग करा किंवा सगळं ‘डू ... एंड’मध्ये एकत्र लिहा. त्याहून चांगलं म्हणजे छोटी फाइल बनवून ती चालवा.

एका फाइलच्या माथ्यावरचं लोकल दुसऱ्या फाइलमध्ये दिसत नाही, कारण फाइल हाही एक चंकच. द्यायचं ते टेबलात घालून फाइलच्या शेवटी रिटर्न करा आणि दुसरीकडे ‘लोकल हिशेब = रिक्वायर("हिशेब")’ असं घ्या. शेवटची रिटर्नची ओळ विसरली तर रिक्वायर ‘ट्रू’ देतं. मग हिशेब.बिल लिहिल्यावर जी एरर येते त्यात निलचं नावही नसतं, बूलियनला इंडेक्स करता येत नाही असं लिहिलेलं असतं. असा मजकूर दिसला की मॉड्यूलची शेवटची ओळ आधी पाहा.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट, म्हणजे एररमधला कंस. लुआ ५.३ आणि ५.४ मध्ये निलच्या एररच्या शेवटी कंसात एक शब्द आणि एक नाव असतं. बहुतेक जण फक्त नाव वाचतात. त्याच्या आधीचा शब्द जास्त सांगतो. ५.१ आणि लुआजिटमध्ये (लुआचा वेगवान अवतार) हाच शब्द वाक्याच्या मध्ये, नावाच्या लगेच आधी येतो.

शब्द ‘ग्लोबल’ असेल आणि तुम्ही तर ते नाव लोकल म्हणून लिहिल्याचं आठवत असेल, तर तीनच शक्यता उरतात: वापर घोषणेच्या वर आहे, वापर त्या ब्लॉकच्या बाहेर आहे, किंवा स्पेलिंग चुकलं आहे. लहान-मोठं अक्षरही स्पेलिंगच्या चुकीतच धरा. मूळ प्रश्नातल्या एररमध्ये ‘ग्लोबल’ हाच शब्द आहे, घोषणा वापराच्या वर आहे आणि स्पेलिंगही बरोबर आहे, म्हणजे चूक ब्लॉकची आहे हे कळतं.

शब्द ‘लोकल’ असेल तर घोषणा योग्य जागी आहे, फक्त त्यात मूल्य पोचलं नाही. इथे त्या लोकलच्या ‘बरोबर’च्या चिन्हाच्या उजवीकडे पाहायचं. बहुतेक वेळा तिथे अपयशी झाल्यावर निल देणारं फंक्शन असतं. फाइल उघडणारं आयओ.ओपन फाइल मिळाली नाही तर निल देतं आणि दुसरं मूल्य म्हणून कारण सांगणारा मजकूर देतं. आपण एकच लोकल घेतलं की कारण फेकलं जातं आणि पुढे वाचायच्या ओळीवर ‘निल’ एवढंच दिसतं. ‘लोकल फ = असर्ट(आयओ.ओपन(नाव))’ लिहिलं की फाइल सापडली नाही की परवानगी नाही, हे तिथल्या तिथे कळतं. नमुना न जुळल्यावर स्ट्रिंग.मॅच, आकडा न बनल्यावर टूनंबर, हेही निल देतात. फंक्शनला कमी आर्ग्युमेंट दिली तर उरलेली पॅरामीटर निल होतात, आणि तीही लोकलच असतात. ‘लोकल अ, ब = १’ मध्ये ब निल असतं. दोघांना १ मिळत नाही.

‘लोकल’ शब्दापुढे ‘सेल्फ’ हे नाव असेल तर शोधण्यात वेळ घालवू नका. कोलनच्या जागी टिंब पडलं आहे. ‘खाते:जमा(१००)’ लिहायचं तिथे ‘खाते.जमा(१००)’ लिहिलं की १०० हेच सेल्फ होतं आणि रक्कम निल होते. आर्ग्युमेंट नसलेली मेथड टिंबाने बोलावली तर सेल्फच निल होतं.

‘अपव्हॅल्यू’ म्हणजे बाहेरच्या फंक्शनचं किंवा फाइलच्या माथ्यावरचं लोकल, जे आतल्या फंक्शनने धरून ठेवलं आहे. ते निल असेल तर क्रम तपासा: आतलं फंक्शन चाललं तेव्हा बाहेर मूल्य भरलं गेलं होतं का? कॉलबॅकमध्ये, म्हणजे नंतर बोलावण्यासाठी दिलेल्या फंक्शनमध्ये, हे फार होतं. वर सांगितलेली रिकामी घोषणा करून खाली चुकून पुन्हा लोकल लिहिलं, तरी इथेच ‘अपव्हॅल्यू’ दिसतं.

‘फील्ड’ म्हणजे टेबलातली नोंद. ‘ग्राहक.पत्ता.पिन’ मध्ये एरर पत्ता हे नाव दाखवते, तेव्हा ग्राहक ठीक आहे आणि पत्ता नाही. ‘मेथड’ असेल तर टेबल आहे, पण त्या नावाचं फंक्शन त्यात नाही. बहुतेकदा सेटमेटाटेबल किंवा अंडरस्कोअर-अंडरस्कोअर-इंडेक्स (टेबलात न सापडलेलं नाव कुठे शोधायचं हे सांगणारी जोडणी) लावायचं राहिलेलं असतं.

तुलनेच्या एररमध्ये कंस नसतो. आकड्याची निलशी तुलना करता येत नाही एवढंच लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या आधी दोन्ही बाजू प्रिंट करण्याला पर्याय नाही.

निलचे स्वतःचे काही नियम आहेत, तेही या गोंधळात भर घालतात. अटीत खोटं ठरतं ते फक्त निल आणि फॉल्स. शून्य आणि रिकामी स्ट्रिंग खरी धरली जाते. म्हणून ‘इफ सवलत देन’ ही अट सवलत शून्य असतानाही लागू होते. मूल्य नसेल तर ठरावीक मूल्य घ्यायची ‘दर = दर ऑर १८’ ही लकब चांगली आहे, पण खरं-खोटं पर्यायांना ती लावू नका. ‘लोकल दाखव = पर्याय.दाखव ऑर ट्रू’ यात वापरणाऱ्याने फॉल्स दिलं तरी ट्रूच येतं. तिथे ‘इफ दाखव == निल देन दाखव = ट्रू एंड’ असंच लांब लिहावं. याच कारणाने ‘अट अँड निल ऑर य’ मधून निल कधीच बाहेर येत नाही.

काहीच रिटर्न न करणं आणि निल रिटर्न करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लोकलमध्ये घेतलं की दोन्हींचं निल होतं, म्हणून फरक दिसत नाही. पण रिटर्न नसलेल्या फंक्शनचा परिणाम थेट टोस्ट्रिंगला दिला तर ‘मूल्य हवं होतं’ अशी एरर येते, टेबल.इन्सर्टला दिला तर आर्ग्युमेंटची संख्या चुकल्याची. निल रिटर्न केलं असतं तर पहिल्याने "निल" ही स्ट्रिंग दिली असती आणि दुसऱ्याने गुपचूप काहीच घातलं नसतं. फंक्शनच्या हाकेभोवती जादा कंस घातला की नेमकं एक मूल्य मिळतं. काहीच आलं नसेल तर निल, आणि जास्त आली असतील तर पहिलं.

हा जादा कंस आपल्या रकमांसाठी फार महत्त्वाचा आहे. "१,२५,००० " सारख्या स्ट्रिंगमधले स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा जीसबने (नमुना शोधून तो बदलणारं फंक्शन) काढून आकडा बनवायचा, तर सरळ असं लिहावंसं वाटतं: टूनंबर(मजकूर:जीसब("[,%s]", "")). जीसब दोन मूल्यं देतं: नवी स्ट्रिंग, आणि किती बदल केले तो आकडा. तो दुसरा आकडा टूनंबरला संख्येचा पाया म्हणून जातो. मोकळी जागा नसलेल्या "१,२५,०००" मध्ये स्वल्पविराम दोन, म्हणून पाया दोन. द्विमान पद्धतीत २ आणि ५ हे अंक नाहीत, म्हणून निल. "२५,०००" ला पाया एक होतो आणि पाया मर्यादेबाहेर असल्याची एरर येते. सगळ्यांत वाईट "१,१०,०००": हा द्विमान आकडा म्हणून वैध आहे, उत्तर येतं ४८ आणि एरर काहीच नाही. टूनंबर((मजकूर:जीसब("[,%s]", ""))) असा दुहेरी कंस घातला की प्रश्न मिटतो. स्ट्रिंगमधले अंक अर्थात इंग्रजी (0 ते 9) असायला हवेत, देवनागरी अंकांना टूनंबर निलच देतं.

टेबलात निल ठेवणं म्हणजे ती नोंद काढून टाकणं. त्यामुळे यादीच्या मधल्या जागेत निल घातलं की यादीत भोक पडतं. मग लांबी सांगणारं # चिन्ह भोकाआधीची लांबीही सांगू शकतं आणि शेवटचीही. भाषेचे नियम दोन्ही मान्य करतात, म्हणून ‘माझ्याकडे तर बरोबर येतं’ यावर विसंबू नये. आयपेअर्स पहिल्या निलवर थांबतं. पेअर्स भोक ओलांडून पुढे जातं, पण क्रमाची हमी देत नाही. यादीतून नोंद काढायला टेबल.रिमूव्ह वापरा, ते पुढच्या नोंदी मागे सरकवतं. पेअर्सने फिरताना असलेल्या नोंदीला निल करणं चालतं, नवी नोंद घालणं चालत नाही. निल हाच इंडेक्स देऊन टेबलातून वाचलं तर निल मिळतं, तसं लिहायला गेलं तर मात्र टेबलाचा इंडेक्स निल असल्याची एरर येते.

फंक्शनच्या शेवटी लोकलना एकेक करून निल देण्याची सवय काहींना असते. त्याची गरज नाही, फंक्शन संपलं की ती सुटतातच. मोठं टेबल फाइलच्या माथ्यावरच्या लोकलमध्ये किंवा ग्लोबलमध्ये अडकलं असेल तरच निल देण्याला अर्थ आहे.

लुआ दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात चालत असेल तर ‘काही नाही’ हे प्रत्येक वेळी निल म्हणून येतंच असं नाही. रेडिस या डेटाबेसच्या स्क्रिप्टमध्ये नसलेली की (नोंदीचं नाव) मागितली तर फॉल्स येतं, म्हणून तिथे ‘== निल’ कधीच जुळत नाही; ‘इफ नॉट मूल्य’ लिहा. स्क्रिप्टने परत दिलेलं टेबलही पहिल्या निलवर तुटतं. ओपनरेस्टी या वेब सर्व्हरमध्ये डेटाबेसमधलं रिकामं मूल्य एनजीएक्स.नल म्हणून येतं आणि निओव्हिम या एडिटरमध्ये जेसनचं नल व्हिम.निल म्हणून येऊ शकतं. ही दोन्ही अटीत खरी ठरतात, म्हणून त्यांची थेट तुलनाच करावी लागते. ओपनरेस्टीत ग्लोबलचा धोका आणखी मोठा आहे. एका वर्कर प्रक्रियेत अनेक विनंत्या हाताळल्या जातात, आणि एकीत ठेवलेलं ग्लोबल मूल्य दुसरीत दिसलं की वरच्या १०० रुपयांचीच गोष्ट वेगवेगळ्या वापरकर्त्यांमध्ये घडते.

न सांगितलेलं नाव ग्लोबल धरायचं, हे लुआमध्ये सुरुवातीपासून आहे. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात ही भाषा तयार झाली, तीही पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी केलेल्या छोट्या वर्णन-भाषांच्या अनुभवातून. दहा-वीस ओळींच्या स्क्रिप्टला ही मोकळीक सोयीची आहे. शंभराच्या पुढे गेलेल्या फाइलला तिच्यावर पहारा हवा.

पहारा ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे ग्लोबल टेबललाच मेटाटेबल लावणं. सगळी लायब्ररी लोड झाल्यावर हे चालवा:

    सेटमेटाटेबल(_जी, {
      __न्यूइंडेक्स = फंक्शन(_, नाव)
        एरर("घोषित नसलेलं ग्लोबल लिहिलं: " .. नाव, २)
      एंड,
      __इंडेक्स = फंक्शन(_, नाव)
        एरर("घोषित नसलेलं ग्लोबल वाचलं: " .. नाव, २)
      एंड
    })

एररला दिलेला २ महत्त्वाचा आहे. त्यामुळे एररमध्ये या फंक्शनची ओळ न येता चूक जिथे झाली ती ओळ येते. खरोखर ग्लोबल हवं असेल तर मेटाटेबल टाळून थेट लिहिणारं रॉसेट वापरा. एक अडचण येऊ शकते: काही लायब्ररी एखादं ग्लोबल आहे का हे नुसतं वाचून तपासतात, त्यांना दुसरं फंक्शन अडवेल. तेव्हा फक्त पहिलं ठेवा, निम्म्याहून जास्त फायदा त्यातच आहे.

कोड न चालवता पाहायचं असेल तर लुआसी या लुआच्या कंपायलरला वजा-एल आणि वजा-पी हे पर्याय देऊन फाइल द्या. ५.२ पासून पुढे सेटटॅबअप, ५.१ मध्ये सेटग्लोबल ही सूचना दिसली की तिथे ग्लोबल लिहिलं जातं आहे. सेटटॅबअपच्या पुढच्या टिपणीत ‘_ईएनव्ही’ आहे ना हे पाहा, कारण बाहेरच्या लोकल टेबलात लिहितानाही हीच सूचना येते.

रोजच्या कामाला लुआचेक हे कोड तपासणारं साधन सगळ्यांत बरं. घोषित नसलेलं ग्लोबल लिहिलं तर १११, वाचलं तर ११३, बाहेरच्या लोकलवर त्याच नावाचं लोकल आलं तर ४२१ असे क्रमांक ते देतं. मूळ प्रश्नातला कोड त्याला दिला तर इफमधल्या ओळीला २११ लागतो, म्हणजे हे लोकल कुठेही वापरलेलं नाही, आणि रिटर्नच्या ओळीला ११३. एकाच नावासाठी हे दोन क्रमांक एकत्र दिसले की घोषणा एक ब्लॉक वर न्यायची आहे.